हातांचे शास्त्र : बर्टा बोबाथ यांचे जीवनकार्य

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेचे सूत्र 'सेवाव्रती' असे आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी महर्षी कर्वे आणि बाबा आमटे यांच्याविषयी आपल्याला सांगितले. ही नावे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसांइतकीच परिचित आहेत. मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांचे नाव या सभागृहातील फारच थोड्यांच्या कानावरून गेले असेल. बर्टा बोबाथ हे ते नाव. त्या जन्माने जर्मन, कर्माने लंडनवासी आणि व्यवसायाने भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात ज्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणतो, त्यांच्यापैकी एक. मराठीच्या अध्यापकाने हा विषय का निवडावा, असा प्रश्न कार्यवाहांनी मला विचारलाच होता. त्याचे उत्तर ओघात येईल.

प्रथम आपल्या भाषेकडे वळू. मराठीत शारीरिक व्यंगासाठी शब्दांची वाण नाही. लुळा, पांगळा, थोटा, खुरडा असे रोकडे शब्द आहेत. पक्षाघात झाला की 'अंगावरून वारे गेले' असे आपली आजी म्हणत असे. पुढे 'अपंग' आला, 'विकलांग' आला आणि आता सरकारी कागदपत्रांत 'दिव्यांग' स्थिरावला आहे. आपल्या संतवाङ्मयातही पांगळा भेटतो. एकनाथमहाराजांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, मुका, बहिरा ही सर्व मंडळी येतात. परंतु तेथे पांगळेपण हे अध्यात्माचे रूपक आहे. गीतापठणाच्या आरंभी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकात ईश्वरी कृपा पांगळ्यालाही पर्वत ओलांडायला लावते. तेथे तो कृपेच्या सामर्थ्याचा पुरावा आहे. रूपक आणि चमत्कार या दोन टोकांच्या मध्ये प्रत्यक्ष पांगळे मूल, त्याला उचलणारी त्याची आई, त्याला भरवायला लागणारा तास-दीड तास आणि अंथरुणापासून दारापर्यंतचे अंतर यांना आपल्या साहित्यात फारशी जागा मिळालेली नाही. बर्टा बोबाथ यांचे सारे आयुष्य नेमक्या याच मधल्या जागेत गेले.

त्यांचा जन्म १९०७ सालचा, बर्लिनचा. माहेरचे नाव बर्टा बुसे. तरुणपणी त्यांनी बर्लिनमधील ॲना हेरमान यांच्या व्यायामशाळेत शिक्षण घेतले आणि तेथेच त्या शिकवूही लागल्या. कवायतीचा व्यायाम आणि या शाळेतला व्यायाम यांत फरक होता. शरीर सैल कसे सोडावे, एक हालचाल दुसरीत कशी मिसळते, श्वास आणि स्नायू यांचे नाते काय, याचे निरीक्षण तेथे शिकवले जाई. हेच निरीक्षण पुढे त्यांच्या साऱ्या कामाची शिदोरी ठरले. १९३३ साली जर्मनीत नाझींची सत्ता आली आणि ज्यूंचे जगणे दुर्धर झाले. बर्टा १९३८ साली लंडनला पोहोचल्या. बर्लिनमध्ये त्यांची ओळख झालेले डॉ. कारेल बोबाथ हेही ज्यू. त्यांनी प्राग येथे पुन्हा वैद्यकीय पदवी घेतली आणि १९३९ साली तेही लंडनला आले. १९४१ साली दोघांचा विवाह झाला. नवा देश, परकी भाषा, वर युद्धाचे सावट आणि हाताशी पैसा नाही, अशा स्थितीत या दांपत्याने संसार मांडला.

त्या काळी इंग्लंडमध्ये भौतिकोपचाराचा व्यवसाय अगदीच नवा नव्हता. १८९४ साली चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मर्दनकर्मींची संस्था स्थापन केली होती. मालिशाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांपासून आपला व्यवसाय वेगळा राखावा, हा तिचा एक हेतू होता. १९२० साली तिला राजसनद मिळाली. तरीसुद्धा डॉक्टराने लिहून द्यावे आणि उपचारकाने तेवढे मर्दन, तेवढा शेक, तेवढा व्यायाम द्यावा, अशीच रीत होती. उपचारकाने स्वतः विचार करावा, ही अपेक्षाच नव्हती. मेंदूला इजा होऊन ज्यांचे हातपाय ताठरले आहेत, अशांच्या बाबतीत तर सर्वांनीच हात टेकले होते. ताठरलेल्या अंगाला पट्ट्या आणि आधार बांधावेत, आणि उरलेल्या चांगल्या बाजूकडून सर्व कामे करवून घ्यावीत, एवढीच उपचाराची मजल होती.

चाळीसच्या दशकात बर्टाबाईंकडे एक रुग्ण आले. सायमन एल्विस हे त्या काळचे नामवंत व्यक्तिचित्रकार. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू निकामी झाली होती. चित्रकाराचा उजवा हात जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. हात कोपरात दुमडलेला, मूठ घट्ट मिटलेली. रूढ पद्धतीने तो सरळ करू जावे, तर जितका ओढावा तितका अधिकच आवळे. बर्टाबाईंनी ओढणे सोडून दिले आणि त्या पाहत राहिल्या. खांद्याची ठेवण बदलली, धड थोडे वळवले, शरीराचा भार वेगळ्या रीतीने टाकला, की तीच मूठ सैल होते, असे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे ताठरपणा ही हाताला चिकटलेली अढळ वस्तू नव्हती. शरीराच्या स्थितीनुसार ती बदलत होती. आणि जे बदलते, त्यावर काम करता येते. एल्विस पुढे पुन्हा चित्रे काढू लागले, ती मात्र डाव्या हाताने. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ही चमत्काराची कथा नाही. बर्टाबाईंच्या हाती जे गवसले, ते एका रुग्णाच्या पूर्ण बरे होण्यापेक्षा वेगळे आणि पुढे असंख्यांच्या उपयोगी पडणारे होते.

या निरीक्षणाची शास्त्रीय बैठक शोधण्याचे काम कारेल यांनी अंगावर घेतले. शेरिंग्टन, माग्नुस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी प्रतिक्षिप्त क्रियांवर केलेल्या संशोधनाच्या आधारे त्यांनी पत्नीच्या अनुभवाचा अर्थ लावला. एकीच्या हातांना कळलेले दुसऱ्याने शब्दांत मांडावे, अशी ही जोडी होती. बर्टाबाईंनी वयाची चाळिशी ओलांडल्यावर १९५० साली भौतिकोपचाराची रीतसर पात्रता मिळवली. आधी अनुभव, मग पदवी, असा हा उलटा प्रवास आहे. पुढे १९५४ साली आपल्या प्रबंधाच्या बळावर त्या व्यवसायाच्या सनदी संस्थेच्या सन्मान्य फेलो झाल्या.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे येतो. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच बाळाच्या विकसनशील मेंदूला इजा झाली, तर त्याच्या हालचालींवर आणि शरीराच्या तोलावर कायमचा परिणाम होतो. या अवस्थेस 'सेरेब्रल पाल्सी' म्हणतात. मराठीत आपण तिला मेंदूचा पक्षाघात म्हणतो. मेंदूची इजा वाढत नाही, पण ती भरूनही येत नाही. मूल मात्र वाढत असते, आणि ताठर स्नायूंसह वाढताना त्याचे सांधे आखडतात, हाडे वाकतात. काही मुलांचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. काहींचे हातपाय त्यांच्या इच्छेविना वळत राहतात. काहींची जीभ साथ देत नाही. अनेक मुलांची बुद्धी शाबूत असते, पण ती बोलण्यातून वा हातांतून प्रकट होत नाही, म्हणून त्यांना मतिमंद ठरवले जाते. विल्यम लिटल या लंडनच्या शल्यचिकित्सकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या अवस्थेचे वर्णन केले होते. परंतु वर्णनानंतरची शंभर वर्षे या मुलांच्या वाट्याला प्रामुख्याने लोखंडी आधार, शस्त्रक्रिया आणि चार भिंती आल्या.

१९५१ साली बोबाथ दांपत्याने लंडनमध्ये या मुलांसाठी एक छोटे केंद्र सुरू केले. 'वेस्टर्न सेरेब्रल पाल्सी सेंटर' असे त्याचे नाव होते. ते धर्मादाय तत्त्वावर चालू लागले, वाढले आणि १९७५ पासून 'बोबाथ सेंटर' या नावाने ओळखले जाऊ लागले. पहिल्या दिवसापासून जवळपास चार दशके बर्टाबाई या संस्थेचा प्राण होत्या. त्या मुलांवर उपचार करीत, जगभरातून येणाऱ्या उपचारकांना शिकवीत आणि परदेशी जाऊन व्याख्याने-प्रात्यक्षिके देत. प्रौढांच्या अर्धांगवायूवरील त्यांचे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि उपचारकांच्या पिढ्यांनी ते अभ्यासले. १९७८ साली ब्रिटिश सरकारने त्यांना एम.बी.ई. हा किताब दिला, तर १९८१ साली बॉस्टन विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या बाईने आयुष्याची सुरुवात व्यायामशिक्षिका म्हणून केली आणि जिला स्वतःचा देश सोडून पळावे लागले, तिच्या दृष्टीने या मानाचे मोल मोठेच होते.

परंतु सन्मानांची यादी वाचून दाखवण्यासाठी मी येथे उभा नाही. त्यांनी नेमके काय केले, ते समजून घेऊ. कात्रीसारखे पाय झालेले मूल डोळ्यांपुढे आणा. त्याला लंगोट बांधायचा आहे. आई घोट्यांना धरून पाय फाकवू पाहते. पाय अधिकच आवळतात. मूल रडते, आणि रडण्याने साऱ्या अंगाचा ताठरपणा वाढतो. बर्टाबाईंचे शिक्षण असे, की टोकाला धरून ओढू नये. मान, खांदे आणि कंबर हे शरीराच्या नियंत्रणाचे बिंदू आहेत. तेथे हात ठेवावा, कमरेत किंचित वाकवावे, पाय मुळापासून बाहेरच्या बाजूस हळू वळवावेत. मग गुडघे आपोआप सुटे होतात. मुलाला उताणे ठेवूनच उचलले, तर त्याचे डोके मागे फेकले जाते आणि शरीर धनुष्यासारखे ताणले जाते. म्हणून आधी कुशीवर वळवावे, दुमडून घ्यावे, मग उचलावे.

आणि त्याला न्यावे कसे? या प्रश्नाचे उत्तर ऐकून आपल्या भगिनींना गंमत वाटेल. मुलाचे पाय फाकलेले राहावेत, धड ताठ असावे, त्याला समोरचे जग दिसावे, यासाठी त्याला कमरेवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसवावे, असे या पद्धतीचे पुस्तक सांगते. आपण याला 'कडेवर घेणे' म्हणतो. आपल्या आया-आज्यांनी पिढ्यान्पिढ्या जे केले, त्याला तेथे चित्रासह स्थान मिळाले आहे. अर्थात यावरून 'हे सारे आमच्याकडे आधीच होते' असा निष्कर्ष कोणी काढू नये. आपल्याकडे कडेवर घेणे होते, तसेच ताठर पायांना जोर लावून रगडणेही होते, आणि त्याने इजा होत असे. कोणती कृती उपयोगी आणि कोणती अपायकारक, हे तपासून ठरवणे म्हणजेच शास्त्र.

या उपचाराचा दुसरा विशेष असा, की तो आठवड्यातून दोनदा रुग्णालयात अर्धा तास घ्यावयाचा नव्हता. मूल दिवसाचे चोवीस तास जगते. त्याला न्हाऊ घालतात, भरवतात, कपडे चढवतात, झोपवतात. या प्रत्येक कृतीत त्याला कसे हाताळले जाते, यावर उपचाराचे यश अवलंबून असते; म्हणून उपचारकाचे अर्धे काम आईवडिलांना शिकवणे हे आहे. बर्टाबाईंच्या सहकारी नॅन्सी फिनी यांनी १९६८ साली याच विषयावर पालकांसाठी एक इंग्रजी पुस्तक लिहिले. घरी मुलाला कसे हाताळावे, एवढाच त्याचा विषय. पानोपानी साधी रेखाचित्रे, आणि आंघोळ, जेवण, कपडे, शौच, झोप अशी प्रकरणे. अनेक भाषांत त्याचे अनुवाद झाले.

श्रोतेहो, या पुस्तकाशी माझा परिचय एका विद्यार्थ्याच्या आईमुळे झाला. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात हा मुलगा होता. चाकाच्या खुर्चीतून येई. बोलणे सवयीशिवाय कळत नसे. परीक्षेला लेखनिक घ्यावा लागे. एका तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच्या पहिल्या वाक्याच्या मध्यावरच 'पुरे' म्हणून कागद मिटला. तो शांतपणे थांबला आणि वाक्य पुरे करण्याची परवानगी मागितली. त्याला ती मिळाली, आणि तुकोबांच्या अभंगरचनेवर त्याने जे सांगितले, ते त्या दिवशीच्या इतर कोणत्याही उत्तरापेक्षा सरस होते. त्याच्या आईने मला घरी एक जीर्ण चोपडे दाखवले. फिनीबाईंच्या पुस्तकाची ती छायाप्रत होती. मुंबईच्या एका उपचारक बाईंनी मुलगा दोन वर्षांचा असताना दिलेली. आईंना इंग्रजी येत नव्हते. "चित्रं होती ना, सर," त्या म्हणाल्या, "आणि बाईंनी एकेक चित्र माझ्या हातांनी करून घेतलं." चोपड्याच्या समासात त्यांनी पेन्सिलीने मराठीत खुणा केल्या होत्या : 'आधी कुशीवर', 'मान खाली', 'घाई नाही'. बर्लिनहून लंडनला, लंडनहून मुंबईला आणि मुंबईहून वडोदऱ्याच्या एका गल्लीत हे ज्ञान हातोहात आले होते. मराठीच्या अध्यापकाने हा विषय का निवडला, याचे उत्तर त्या समासात आहे.

मुंबईचा दुवा महत्त्वाचा आहे. भारतातील भौतिकोपचाराचे पहिले विद्यालय १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. १९५५ साली भारतीय भौतिकोपचारकांची संघटना स्थापन झाली. तत्पूर्वी १९४७ साली फातिमा इस्माईल यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी मुंबईत काम सुरू केले होते, ते स्वतःच्या मुलीच्या आजारातून. १९७२ साली मिठू अलूर यांनी कुलाब्यात अवघ्या तीन मुलांना घेऊन स्पास्टिक्स सोसायटीचे पहिले केंद्र उघडले. त्यांचीही मुलगी सेरेब्रल पाल्सीग्रस्त. तिला सामान्य शाळांचे दरवाजे बंद होते. एकाच छपराखाली शिक्षण आणि उपचार, ही कल्पना त्या केंद्राने येथे रुजवली.

यानंतर एक अवघड विषय. तो टाळला, तर या व्याख्यानाला केवळ गौरवाचे स्वरूप येईल. बर्टाबाईंची उपचारपद्धती आज जशीच्या तशी मान्य आहे काय? नाही. त्यांच्या सिद्धान्तातील प्रतिक्षिप्त क्रियांची मांडणी मेंदूविषयीच्या नव्या ज्ञानापुढे टिकलेली नाही. २०१३ साली ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांवरील सर्व उपचारांच्या पुराव्यांचा आढावा घेतला. त्यात उपचारकाने मुलाला हाताळून हालचाल सुधारण्याच्या मूळ पद्धतीला पुराव्याचा आधार मिळाला नाही. मुलाने स्वतः निवडलेले एखादे काम, जसे पेला उचलणे किंवा जिना चढणे, त्याने स्वतः पुनःपुन्हा करणे अधिक परिणामकारक आढळले. पालकांच्या मदतीने घरी चालवलेला सराव हाही उपयुक्त ठरला.

मग या बाईंचा गौरव आपण का करावा? माझ्या मते त्याची तीन कारणे आहेत. पहिले असे, की ज्या मुलांविषयी 'काही करण्यासारखे नाही' असे म्हटले जात होते, त्यांच्याबाबत तो शब्दच त्यांनी मोडीत काढला. आज तुलना करायला इतर उपचार आहेत, कारण कोणीतरी प्रथम उपचार करून पाहिले. दुसरे असे, की उपचार घरात आणि रोजच्या जगण्यात न्यावा, हे त्यांचे सूत्र नव्या संशोधनातही तगून राहिले. तिसरे मला सर्वांत मोलाचे वाटते. ऐंशीच्या दशकात, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, या दांपत्याने स्वतःच लिहून ठेवले, की आपण मुलाला अधिक काळ निष्क्रिय ठेवत होतो. उपचारात साधलेले रोजच्या व्यवहारात आपोआप उतरेल, ही आपली अपेक्षा पुरी झाली नाही. आपल्या नावाने जगभर अभ्यासक्रम चालत असताना असे लिहिणे सोपे नसते. आपली पद्धत ही घडत राहणारी गोष्ट आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या काही अनुयायांनी तिची पोथी केली, हा दोष त्यांचा नव्हे. आपल्याकडे थोरांच्या बाबतीत हे वरचेवर घडते. पुतळा उभा राहतो आणि प्रश्न विचारणे थांबते.

२० जानेवारी १९९१ रोजी बर्टा आणि कारेल यांनी लंडनमध्ये एकत्रच जीवनाचा शेवट केला. दोघांनीही ऐंशी ओलांडली होती. त्या निर्णयाविषयी दुरून काही बोलण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्यामागे संस्था चालत राहिली, आणि नव्वदच्या दशकात वेल्स आणि स्कॉटलंड येथेही त्यांच्या नावाची केंद्रे निघाली.

आता आपल्या वाचनालयाकडे येतो. आपण वडोदऱ्याचे लोक. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास येथे आणून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या योजनेतील मला सर्वांत भावलेला भाग म्हणजे फिरत्या ग्रंथपेट्या. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल, तर ग्रंथ त्याच्या गावी जाईल, ही त्यामागची भावना. बर्टाबाईंनी उपचार रुग्णालयातून घरात नेला, आणि महाराजांच्या राज्याने ग्रंथ राजधानीतून खेड्यात नेला. ज्याला त्याची गरज आहे, त्याच्यापर्यंत ज्ञानाने जावे, हा विचार दोहोंच्या मुळाशी आहे.

मग ज्या विद्यार्थ्याविषयी मी बोललो, त्याला आपल्या वाचनालयाचा अनुभव काय? तो तीन वर्षे आपला वर्गणीदार होता. त्या तीन वर्षांत तो एकदाही वाचनकक्षात आला नाही. आपल्या प्रवेशद्वाराशी पाच पायऱ्या आहेत. तो अंगणातल्या कडुनिंबाखाली खुर्चीत थांबे, यादीवर खुणा करी, आणि आपले शिपाईकाका मोठ्या मायेने पुस्तके खाली आणून देत. त्यांच्या मायेविषयी मला आदरच आहे. परंतु कपाटांपुढे उभे राहून, एक शोधताना भलतेच पुस्तक हाती लागण्याचा जो आनंद आपण सर्वांनी येथे लुटला, तो त्याला कधी मिळाला नाही. यादीत नसलेले पुस्तक मागता येत नाही.

१९९५ सालच्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे गणली होती. २०१६ सालच्या कायद्यात ती एकवीस झाली आणि सेरेब्रल पाल्सीचा त्यात स्वतंत्र उल्लेख आला. सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता याव्यात, असे हा कायदा सांगतो. पण कायद्याचा बडगा दाखवण्याची वेळ आपल्यासारख्या संस्थेवर यावी, असे मला वाटत नाही. मी अभियंता नाही, तरी साधे गणित मला येते. पाच पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे अडीच फूट उंची. चाकाच्या खुर्चीसाठी चढ एकास बारा या प्रमाणात असावा लागतो. म्हणजे तीस फूट लांबीचा उतार झाला. अंगणाच्या उत्तरेकडील भिंतीलगत तेवढी जागा आहे, मी ती पावलांनी मोजली आहे. कडुनिंबाला धक्का लागत नाही.

शताब्दीनिमित्त प्रवेशद्वारी संगमरवरी कोनशिला बसवण्याचे ठरले आहे, असे ऐकतो. तिला माझा विरोध नाही. परंतु निधी मर्यादित असेल आणि दोहोंपैकी एकच गोष्ट यंदा होणार असेल, तर आधी उतार व्हावा, अशी या व्यासपीठावरून माझी नम्र विनंती आहे. दुसरी विनंती त्याहून कमी खर्चाची. आपल्या सव्वीस कपाटांत काव्य, कादंबरी, चरित्र, अध्यात्म यांची रेलचेल आहे. अशा मुलांच्या संगोपनाविषयी मराठीत वाचू इच्छिणाऱ्या आईला देता येईल असे एकही पुस्तक मला आढळले नाही. जी मिळतील ती आणावीत, आणि मिळत नसतील तर लिहवून घ्यावीत. येथे जमलेल्यांत डॉक्टर आहेत, भौतिकोपचारक आहेत, चित्रकार आहेत. भाषेची बाजू मी आणि माझे विद्यार्थी विनामूल्य सांभाळू. समासातल्या पेन्सिलीच्या त्या तीन खुणा त्या पुस्तिकेची पहिली तीन वाक्ये होऊ शकतील. त्या माउलीची परवानगी मी घेतली आहे.

बर्टा बोबाथ यांना मराठी येत नव्हते, आणि आपल्या वाचनालयाचे नाव त्यांनी कधी ऐकले असण्याचा संभव नाही. त्यांच्या स्मृतीला वाहिलेला उतार आणि चाळीस पानांची एक सचित्र पुस्तिका हा त्यांचा उचित गौरव होईल, असे मला वाटते.